माजी विद्यार्थी संघ आणि विधी महाविद्यालये

महोदय,

विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाचा निधी बहुधा चषक आणि स्नेहभोजनात संपतो. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे इंटर्नशिप लागते. वकिलांशी ओळख नसलेल्या खेड्यातल्या मुलाने ती कुठे करायची? इंदुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. संघाने फौजदारी, महसूल, कामगार अशी सदस्यांची विषयवार यादी करून एकेकाकडे एका वेळी दोनच विद्यार्थी पाठवावेत; गर्दी झाली की नुसती फायलींची ने-आण होते.

पूर्णवेळ प्राध्यापकांना सहसा वकिली करता येत नाही, म्हणून मसुदालेखन शिकवायला ताजे नमुने नसतात. सदस्यांनी निकाली प्रकरणांतले दावे, जामीन अर्ज द्यावेत. पक्षकारांची नावे खोडली जातात. पत्ते, फोन नंबर मात्र हमखास राहून जातात, तेही खोडावेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू असल्याने ग्रंथालयाला नवी पुस्तके देताना जुनी रद्दीत काढायला लावू नयेत. आणि देणगी धनादेशानेच घ्यावी. 2000 रुपयांवरील रोख देणगीवर करसवलत मिळत नाही.

– एक वाचक, इंदूर