'थँक्यू म्हण' हे नक्की कुणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांना चांगल्या सवयी कशा लावाव्यात, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. शेवटी चौकटीत दहा मुद्दे होते. प्लीज, थँक्यू, सॉरी म्हणायला शिकवा, मोठे बोलत असताना मध्ये बोलू देऊ नका, चांगलं वागल्यावर चांदणी द्या वगैरे. मी २७ वर्षं बालवाडीत शिकवलं, त्यामुळे यातलं जवळजवळ सगळं करून झालंय. चुकीचा म्हणावा असा मुद्दा त्यात एखादाच. माझी तक्रार वेगळी आहे. दहाच्या दहा मुद्दे मुलांनी काय करावं याचे आहेत.

परवा मुलीकडे होते. तिची मैत्रीण आली, नातवासाठी खेळण्यातली गाडी घेऊन. नातू साडेतीन वर्षांचा. खोक्याची चिकटपट्टी तो नखानं उकरत बसला होता, जीभ बाहेर, सगळा जीव त्या एका कोपऱ्यात. "काय म्हणायचं मावशीला?" मुलीनं विचारलं. उत्तर नाही. "अरे, काय म्हणायचं असतं?" त्यानं वर पाहिलं. आईच्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं, आणि खोका पोटाशी धरून तो तिच्याच मागे लपला. "नाही म्हटलंस तर मावशी गाडी परत घेऊन जाईल हं!" मग काय, भोकाड. मैत्रीण बिचारी "अगं, असू दे गं" म्हणत अवघडून बसली. पाऊण तासानं पट्टी निघाली, गाडी बाहेर आली, आणि पठ्ठ्यानं ती थेट मावशीच्या पायाशी नेऊन ठेवली. "आता तू ढकल."

माझ्या लेखी आभार मानून झाले होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र लक्षात आलं, की त्या सगळ्या गोंधळात आमच्यापैकी एकानंही त्या मैत्रिणीला थँक्यू म्हटलं नव्हतं. लेकीनं नाही, जावयांनी नाही आणि मीही नाही.

एस्थर ग्राइफ आणि जीन बर्को ग्लीसन या दोघी अमेरिकी संशोधकांनी १९८० साली जवळपास हाच प्रसंग अभ्यासला होता. आई किंवा वडिलांबरोबर आलेल्या लहान मुलांना एक छोटीशी भेट द्यायची आणि कोण काय बोलतं ते टिपायचं. आपणहून थँक्यू म्हणणारी मुलं अगदी तुरळक निघाली. 'म्हण' म्हटल्यावर मात्र बहुतेकांनी म्हटलं. गंमत पुढे आहे. भेट देणाऱ्याला स्वतः थँक्यू म्हणण्यात आया पुढे होत्या आणि बाबा मागे. (मी कुणाकडे बघून बोलत नाहीये.)

'म्हण' म्हणूच नये असं नाही. शब्द आधी तोंडात बसतो, अर्थ मागाहून येतो, हे बालवाडीत रोज दिसायचं. एकदा आठवण करून द्यावी, नाही म्हटलं तर मुलाच्या वतीनं आपण म्हणावं आणि विषय सोडावा. पाहुण्यांसमोर तिसऱ्यांदा 'म्हण' म्हणतो, तेव्हा आपण मुलाशी बोलतच नसतो. 'आम्ही शिकवलंय हो, हाच म्हणत नाही,' हे पाहुण्याला ऐकवत असतो. आपली लाज राखायला साडेतीन वर्षांचं पोर कामाला लावायचं, हे काही सभ्यपणाचं लक्षण नव्हे.

आणि 'प्लीज'चं म्हणाल तर, आपल्या भाषेत विनंती एका शब्दात थोडीच असते? ती क्रियापदात असते. 'सरक' आणि 'जरा सरकतोस का?' यातला फरक लहान मुलालाही कळतो. बाहेरच्या माणसाला आपण 'जरा सरकता का?' म्हणतो आणि पोराला 'हो बाजूला!' मग पोर आपल्याला 'हो बाजूला' म्हणालं, की 'कुठून शिकतात कोण जाणे!'

कुठून शिकतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या वर्गात लाकडी ठोकळे होते. कुणीही ठोकळा उचलून कानाला लावला की तो फोन. एक मुलगी रोज ठोकळ्यात बोलायची, "हं, पटकन बोल, मी कामात आहे," आणि ठोकळा आपटायची. पालकसभेत तिच्या वडिलांचा फोन वाजला, तेव्हा मी मान खाली घालून हसू दाबलं. पण ते हसू फार टिकलं नाही. त्याच आठवड्यात एक मुलगा 'शाळा शाळा' खेळताना बाई झाला. एक बोट टेबलावर टकटक आपटत, भुवया वर करून, "कितीदा सांगायचं रे? कान आहेत ना?" बाकीची मुलं खिदळत होती. टकटक अगदी हुबेहूब होती. माझी. मी वर्गात तशी बोलते हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता चांदण्यांबद्दल, कारण तो एखादा चुकीचा मुद्दा तोच. मीही फळा केला होता. मदत केली की चांदणी. पहिला आठवडा वर्ग नुसता गोड. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा लोकांचे खडू मुद्दाम पाडायचा, उचलून द्यायचा आणि फळ्याकडे बघून मला म्हणायचा, "बाई, दिला." मी फळा काढला, तर मदत पहिल्यापेक्षाही कमी झाली. नोकरी सुटल्यावर वाचनात आलं, की मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली बालवाडीतल्याच मुलांवर हे करून पाहिलं होतं. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांना प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती आधीपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. मला हे आधी कळतं, तर खडू वाचले असते.

सॉरीची तऱ्हा निराळी. धक्का दिला, समोरचा रडला, मोठं माणूस धावून आलं, "सॉरी म्हण!" "सॉरी." मिटलं. तीन वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं, की हा शब्द उच्चारला की सुटका होते. पण ज्याचं मोडलं त्याचं काय? मारिसा ड्रेल आणि विक्रम जसवाल या संशोधकांनी २०१६ मध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मूल प्लास्टिकच्या पेल्यांचा मनोरा रचत असतं, मोठ्या माणसाच्या हातून तो पडतो. नुसतं सॉरी ऐकलेल्या मुलांना तेवढ्यानं बरं वाटलं नाही. त्या माणसानं मनोरा पुन्हा रचायला हात लावला, तेव्हा वाटलं. सॉरी म्हणणाऱ्या माणसाशी मुलं मात्र पुढे जास्त उदारपणे वागली, म्हणजे शब्द वाया जात नाही. म्हणून शेवटची काही वर्षं मी वर्गात 'सॉरी म्हण' सोडलं आणि "बघ, त्याचं पडलं. आता काय करूया?" एवढंच विचारू लागले. कुणी ठोकळे गोळा करायचं, कुणी स्वतःचा ठोकळा आणून द्यायचं. एकीनं आपला रुमाल दिला होता, तोही वापरलेला. चालायचंच.

आणि आपण? मुलाच्या खेळावर पाय पडला तर आपण म्हणतो, "वाटेत कशाला मांडतोस?"

राहिला मध्ये बोलण्याचा मुद्दा. यावर एक उपाय मला नक्की लागू पडलेला आहे. मी कुणाशी बोलत असले, तर मुलानं येऊन माझ्या मनगटावर हात ठेवायचा. मी माझा दुसरा हात त्याच्या हातावर ठेवायचा. म्हणजे, कळलं रे, तू आलायस. मग वाक्य संपवून लगेच त्याच्याकडे वळायचं. लगेच म्हणजे अर्ध्या मिनिटात. 'थांब' म्हणून दहा मिनिटं गप्पा मारल्या, तर पुढच्या वेळी तो ओरडेल आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शिवाय हा सौदा दोन्हीकडून पाळावा लागतो. तो गाडीशी बोलत असेल, तर "चल, आंघोळीला" म्हणण्याआधी मीही त्याच्या हातावर हात ठेवून थांबते.

पुढच्या पुरवणीत दुसरी चौकट छापाल का, मोठ्यांसाठीची? दहा मुद्दे सहज निघतील. पहिले दोन-तीन मीच लिहून दिले असते, पण हे पत्र लिहिताना नातू दोनदा येऊन मनगटावर हात ठेवून गेला. आता तिसऱ्यांदा उभा आहे आणि त्याचं अर्धं मिनिट केव्हाच उलटून गेलंय.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका