उसळीचे विज्ञान मैदानावर शिकवा

महोदय,

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळाशाळांत थर्माकोलच्या प्रतिकृती मांडल्या जातात. त्याऐवजी सातवी-आठवीच्या मुलांना टेनिसचा चेंडू देऊन मैदानात न्यावे. भिंतीवर खडूने दर १० सेंमीला एक, अशा दोन मीटरपर्यंत खुणा कराव्यात. चेंडूचा तळ २०० च्या खुणेवर धरून तो नुसता सोडायचा. हाताचा जोर लागला की उसळी वाढते आणि मोजणी वाया जाते. उसळीही तळापासूनच वाचावी आणि त्यासाठी खाली वाकून डोळा त्या उंचीला न्यावा, कारण वरून पाहिले तर आकडा कमी दिसतो. पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी.

स्पर्धेचा साधा टेनिस चेंडू २५४ सेंमीवरून काँक्रीटवर टाकला तर १३५ ते १४७ सेंमी उसळावा, असा नियम आहे. म्हणजे जवळपास निम्मी उंची जातेच. ही ऊर्जा गेली कुठे, हा खरा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. मग तोच चेंडू सिमेंटवर, रोलर फिरवलेल्या कोरड्या खेळपट्टीवर आणि भुसभुशीत मातीत टाकून बघू द्यावा. मातीत उमटलेला खळगाच बरेचसे उत्तर देतो.

उन्हाळ्यात वावळाच्या चपट्या, पंखधारी बिया गोळा कराव्यात. एकीचा पंख कापून दोन्ही एकदम सोडाव्यात, पण पंखा बंद करून, खोलीत. हवेचा रोध शिकवायला याहून स्वस्त साधन नाही.

– एक विज्ञान शिक्षिका, सातारा