कोर्स पूर्ण झाला, पण तपासला कोणी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हल्ली कंपन्यांमध्ये कामगारांना घरबसल्या करायचे ऑनलाइन कोर्स देतात आणि किती जणांनी पूर्ण केला त्याची टक्केवारी दर महिन्याला मेलवर येते. पण त्या कोर्सला ट्यूटर होता का, त्याने कोणाचं काम वाचलं का, हे कोणी विचारतच नाही, म्हणून लिहितोय.

मी मेंटेनन्सला आहे. नोकरी सांभाळून असे दोन कोर्स केले. पहिल्यात एक मशीन वारंवार का बंद पडतं यावर असाइनमेंट होती, मी कारण लिहिलं "ऑपरेटरची चूक" आणि पाठवून मोकळा झालो. चार दिवसांनी ट्यूटर मॅडमचा फोन, की चूक झाली हे ठीक आहे पण ती रात्रपाळीतच का होते हो, एकदा बघून या ना. मग मी शिफ्ट बदलताना मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो तर लक्षात आलं की ऑइलचा गेज कव्हरच्या मागे आहे, रात्री तिथे उजेड नाही आणि सगळे जण रीडिंग अंदाजाने भरतायत! असाइनमेंट परत लिहिली, आणि तिथे एक दिवा पण लावून घेतला. त्या एका फोनने मी जे शिकलो ते सगळ्या नोट्स वाचून शिकलो नव्हतो.

दुसऱ्या कोर्समध्ये नुसते व्हिडिओ आणि शेवटी चार पर्यायांचे प्रश्न. उत्तर चुकलं की परत क्लिक करायचं. एका रात्रीत सर्टिफिकेट आलं, आज त्यातलं काही आठवत नाही.

खरंतर दूरशिक्षण सुरू झालं तेच तपासणीवर. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन पोस्टाने शॉर्टहँड शिकवायचे, शिकणाऱ्याने लिहून पाठवायचं आणि ते दुरुस्त होऊन परत यायचं. १९६९ मध्ये तिथेच ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली, तिच्यातही ट्यूटरने तपासलेल्या असाइनमेंट हा शिकवण्याचाच भाग धरला, नुसते मार्क देऊन विषय संपत नव्हता. मायकेल मूर या अभ्यासकाने तर म्हटलंय की शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातलं अंतर किलोमीटरचं नसतं, संवाद कमी झाला की ते वाढतं. आम्ही नोकरीवाले तर डबल अडकलेले, ड्युटी संपवून थकून बसतो, शंका आली की विचारायला कोणी नाही, मग राहिलेला धडा राहूनच जातो. अशा वेळी "मागच्या आठवड्यात काही आलं नाही तुमचं, सगळं ठीक ना?" एवढा मेसेज जरी आला तरी माणूस परत बसतो.

पण हे सगळं ट्यूटरने करायचं कधी? एकाच्या गळ्यात शेकडो जण बांधले आणि तपासायच्या वेळेचे पैसेच दिले नाहीत तर तो "गुड, कीप इट अप" लिहूनच पुढे जाणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही. कंपनीने कोर्स विकत घेतानाच विचारावं की एका ट्यूटरकडे किती जण आहेत, असाइनमेंट किती दिवसांत परत मिळते, आणि कामावरचा सुपरवायझर व ट्यूटर यांचं एकदा तरी बोलणं होतं का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण दिवा लावायची परवानगी शेवटी सुपरवायझरनेच दिली होती.

आमच्याकडे पुढच्या वर्षीच्या कोर्सची यादी आलीय. त्यात फी आहे, तास आहेत, पण ट्यूटरचा कॉलमच नाही. एचआरला तेवढंच विचारून मेल टाकलाय, उत्तराची वाट बघतोय.

आपला,
एक वाचक