डूमच्या आधीची तीन वर्षं

प्रिय मंदार,

डूम हा कॉम्प्युटर गेम कसा घडला ते लिही, असं तू मागच्या पत्रात म्हणालास. पण तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीच्या गोष्टीत माझा जीव अडकतो तो त्याआधीच्या काळात, म्हणून तिथूनच सांगतो.

लुईझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टमध्ये सॉफ्टडिस्क नावाची कंपनी होती. वर्गणीदारांना ती दर महिन्याला टपालाने फ्लॉपीवर प्रोग्रॅम पाठवायची. जॉन रोमेरो, जॉन कार्मॅक, एड्रियन कार्मॅक (आडनाव एक, पण नातं काही नाही) आणि टॉम हॉल तिथेच नोकरीला होते. 'गेमर्स एज' या त्यांच्या डिस्कसाठी दर दोन महिन्यांनी नवा गेम द्यावा लागे.

तेव्हा पीसीवर मारिओसारखं सलग सरकणारं दृश्य दिसत नसे. निन्टेन्डोच्या यंत्रात ते काम हार्डवेअरच करायचं. पीसीला मात्र प्रत्येक पावलाला अख्खा पडदा नव्याने रंगवावा लागे आणि तेवढा वेग त्याच्यात नव्हता. सप्टेंबर १९९० मध्ये जॉन कार्मॅकने यातून वाट काढली. पीसीतल्या ईजीए या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत पडद्यापेक्षा थोडं मोठं चित्र मावतं. मग चित्र जागेवरच ठेवायचं आणि पडदा कुठून दाखवायचा तेवढं बदलायचं. कड संपली की फक्त बदललेले चौकोन रंगवायचे. निळ्या आकाशाशेजारी निळंच आकाश येणार असेल, तर त्याला हात कशाला लावायचा? किती साधं आहे बघ! मला तर आजही यातली बुद्धी थक्क करते.

त्याने आणि टॉम हॉलने रात्रभर बसून सुपर मारिओ ब्रदर्स ३ची पहिली लेव्हल पीसीवर उतरवली, आणि मारिओच्या जागी रोमेरोच्या जुन्या गेममधला डेव्ह उभा केला. सकाळी ती फ्लॉपी पाहिली आणि आता या नोकरीत राहायचं नाही, हे रोमेरोला कळून चुकलं. त्यांनी निन्टेन्डोलाही नमुना पाठवला, पण पीसीसाठी गेम काढण्यात त्यांना रस नव्हता.

त्याच सुमारास अपोजी या गेम विकणाऱ्या कंपनीच्या स्कॉट मिलरने त्यांना गाठलं. रोमेरोला आधी वेगवेगळ्या नावांनी चाहत्यांची पत्रं आली होती आणि त्या सगळ्यांवर पत्ता एकच होता, मिलरचा! त्याने २,००० डॉलर आगाऊ दिले. शनिवार-रविवारी ऑफिसातलेच कॉम्प्युटर घरी नेऊन ही मंडळी राबली आणि १४ डिसेंबर १९९० ला कमांडर कीन हा गेम बाहेर आला. पहिला भाग फुकट, पुढचे हवे असतील तर पैसे पाठवा, असा तो शेअरवेअरचा व्यवहार. जानेवारीत त्यांच्या हातात १०,५०० डॉलरचा चेक पडला. १ फेब्रुवारी १९९१ ला आयडी सॉफ्टवेअर सुरू झालं.

इथून पुढचं वर्ष लोक एका ओळीत उरकतात, आणि मला ते पटत नाही. नोकरी सोडताना त्यांनी सॉफ्टडिस्कला आणखी गेम देण्याचं कबूल केलं होतं. वरवर ही वेठच. पण त्या छोट्या गेममध्येच कार्मॅकला नवे प्रयोग करायला मिळाले. एप्रिल १९९१ च्या होव्हरटँकमध्ये त्रिमिती आली, पण भिंती नुसत्या एका रंगाच्या. नोव्हेंबरच्या कॅटॅकॉम्ब थ्रीडीमध्ये भिंतींवर चित्रं चढली, रंग सोळाच. मे १९९२ च्या वुल्फेन्स्टाइनमध्ये २५६ रंग आले आणि वेगही. डूम आला १० डिसेंबर १९९३ ला. मधला एकही गेम वगळला असता, तर पुढचा त्यांना त्या वेळात जमला नसता, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून, तुझ्या टीमने दोन वर्षांचा एकच मोठा गेम हाती घ्यायचं ठरवलंय हे वाचून मला काळजी वाटते. होव्हरटँक आणि कॅटॅकॉम्बचा सोर्स कोड २०१४ साली खुला झालाय. दोन्ही शेजारी ठेवून वाच, भिंती रंगवणारा भाग आधी. मग आपण फोनवर निवांत बोलू.

तुझा,
अनिकेत