विषय: सामाईक पॅसेजमधील कुंड्या व गोगलगायी

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

महोदय,

माझे आधीचे अर्ज सेक्रेटरींच्या फाइलमध्ये सुखरूप असतीलच. कार्यवाही म्हणून झुरळांचे औषध मारणारा माणूस आला होता. गोगलगाय कीटक नाही. ती कालव-शिंपल्यांच्या कुळातली, मृदुकाय. औषधाने माझे डोके दुखले, गोगलगायी मजेत आहेत.

शेजारच्या वहिनी म्हणतात, "एखाददुसरी तर असते!" मी जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, म्हणून नमूद करते: या काळ्या, बिनशंखी गोगलगायीत नर व मादी दोन्ही अवयव एकाच अंगात असतात. दोन भेटल्या, तर दोघीही अंडी घालू शकतात, तीही कुंडीखालच्या ओल्या मातीत. अंगातले पाणी टिकवायला शंख नसल्याने दिवसभर त्या तिथेच दडतात, रात्री निघतात.

पायातून सुटणाऱ्या चिकट द्रवावर ती सरकते आणि मागे चकाकती रेघ राहते. ही रेघ रोज वहिनींच्या मोठ्या कुंडीपासून माझ्या उंबरठ्यापर्यंत असते. "तुमच्याकडूनच इकडे येतात," असे त्यांचे म्हणणे. माझ्याकडे एकही कुंडी नाही. पुराव्याचे फोटो ग्रुपवर टाकले, ते अ‍ॅडमिननी "नाश्त्याच्या वेळी नको" म्हणून काढायला लावले.

वहिनींनी स्वतःच्या दारापुढे मात्र मीठ पसरले. मीठ गोगलगायीच्या अंगातले पाणी ओढून घेते, जीव तडफडून मरतो. उरलेल्या गोगलगायी माझ्या दाराकडे वळल्या आणि मीठ धुऊन सामाईक तुळशीत गेले. तुळस गेली.

शिवाय उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या गोगलगायीत असू शकतात, आणि वहिनी त्याच कुंड्यांतली कोथिंबीर प्रेमाने वाटतात. मी धुऊन घेते. बाकीच्यांचे माहीत नाही.

उपविधींप्रमाणे सामाईक जागेत खासगी सामान ठेवता येत नाही. (आमचे चपलांचे कपाट वेगळे; त्यात माती नाही.) दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचाही मला पाठिंबा आहे. सही केली नाही, पण मान हलवली.

वहिनींशी माझे वैर नाही. कुंड्या आठवड्याच्या आत हलवाव्यात, एवढेच. जागा नसेल तर समितीचे कार्यालय आहे. तिथली गळती अजून काढलेली नाही, त्यामुळे ओल भरपूर मिळेल.

आपली विश्वासू,
तळमजल्यावरील सभासद