आई, तू माझं गॅदरिंग कधी समोरून पाहिलंच नाहीस

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

दादाने चिऊच्या गॅदरिंगचा व्हिडिओ दाखवला ना तुम्हाला, आणि लगेच बाबांचा फोन, की अगं ती कुठे दिसलीच नाही आणि मधेच आवाज गेला, परत पाठव. बाबा, परत पाठवून उपयोग नाही, त्यात तेवढंच आहे. ह्यांच्या पुढे बसलेले सगळेच मोबाईल वर धरून उभे राहिले आणि तुमची नात मागच्या ओळीत उजवीकडून तिसरी, त्यामुळे फक्त लाल ओढणी आणि काठीचं टोक दिसतं. आणि आवाज व्हिडिओचा गेलेला नाही, हॉलचाच साऊंड गेला होता. म्हणून म्हटलं सगळं लिहूनच कळवावं, फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई ऐकता ऐकता रडायला लागते.

ह्या वर्षी चिऊच्या वर्गाला टिप्पणी नावाचं लोकनृत्य होतं, गुजरातेत सौराष्ट्रातलं, चोरवाडकडचं. आपल्याकडे धुम्मस घेऊन अंगण चोपतात ना, तसंच तिकडे बायका लांब काठीच्या टोकाला लाकडी ठोकळा लावून घराची चुन्याची जमीन चोपायच्या, आणि ते काम तासन् तास चालायचं म्हणून तालात गात गात करायच्या, त्याचाच पुढे नाच झाला. चिऊ घरी महिनाभर पोछ्याची काठी घेऊन सराव करत होती, खालच्या मजल्यावरच्या बा, म्हणजे त्या गुजराती आजी, दोनदा वर येऊन गेल्या, पण रागवायला नाही, लहानपणी त्यांनी गावाकडे बायकांना खरंच असं करताना पाहिलंय, त्यांनीच चिऊला दाखवलं की काठी हाताने आपटायची नाही, कमरेतून वजन सोडायचं. क्लासच्या टीचरने सुद्धा एवढं नव्हतं सांगितलं.

कार्यक्रम इथे बडोद्यातच, अकोट्याच्या सयाजीराव नगरगृहात होता. शाळेने कपडे-मेकअपसाठी काही आया मागितल्या होत्या, मी नाव दिलं, त्यामुळे मी पूर्ण वेळ विंगेत. चणियाचोळीच्या नाड्या बांधा, ओढणी पिनने कमरेला पक्की करा, एकीला सू आली, एक उलटी करणार असं म्हणत होती, एकीचा बाजूबंदच सापडेना. आणि आई, एंट्रीच्या आधी त्या सगळ्या काठ्या धरून ओळीत उभ्या राहिल्या, समोर उजेड, आमच्याकडे अंधार, आणि मला चिऊचा चेहरा दिसला. तो मी आजपर्यंत पाहिला नव्हता. भीती होती, ओठ हलत होते, मोजत होती बहुतेक, आणि मग पुढचीने पाऊल टाकल्याबरोबर भीती एकदम गेली आणि ती माझी राहिली नाही, त्या ओळीची झाली. हे कुठल्याच पालकांना खुर्चीवरून दिसत नाही गं. ते दिसतं फक्त विंगेतून.

मग अर्ध्यात साऊंड गेला. गाणं बंद, ढोल बंद, सगळ्या हॉलमधे कुजबुज. मला वाटलं आता पोरी थांबतील, इकडेतिकडे बघतील, एखादी रडेल. एकही थांबली नाही. तो नाच मुळात ठोक्यावरच उभा आहे ना, त्यामुळे काठ्या पडत राहिल्या, धप् धप् धप्, लाकडी स्टेजवर तो आवाज इतका घुमला की मागून टाळ्या सुरू झाल्या त्याच ठेक्यावर, आणि चार-पाच पोरींनी तोंडाने गाणं उचललं, चिऊसुद्धा. हे चिऊने एकटीने केलं असं मी म्हणत नाही, ती पुढे नव्हती, लीड नव्हती, कुणी तिचं नाव घेतलं नाही. पण तिने ठेका सोडला नाही आणि शेजारची डगमगली तेव्हा मान वळवून तिच्याकडे बघून जोरात ठोका दिला, तेवढं मी पाहिलं. माझी छाती इतकी भरून आली की हातातली पिन बोटात गेली ते कळलंच नाही.

तेव्हा आई, मला तू दिसलीस. मंगळसूत्राला सेफ्टी पिनांचा झुबका, दातात यू-पिन, हाताला आलता. माझं प्रत्येक भरतनाट्यम, शाळेतलं काय नि क्लासचं काय, तू विंगेतच. निऱ्यांचा पंखा नीट उघडतोय का, वेणी सैल होतेय का. अलारिप्पूत, त्या सुरुवातीच्या नाचात, माझा डावा पाय उशिरा पडतो हे तू घुंगरांवरून सांगायचीस, घरी गेल्यावर, आधी दूध-भात खाऊ घालून मग. बाबा तिसऱ्या रांगेत बसून सगळं बघायचे, तू एकदाही समोरून पाहिलं नाहीस, आणि कधी बोललीही नाहीस की मला बघायचं होतं.

बाबा, तुमचं वेगळं. दुसऱ्या दिवशी खंडेराव मार्केटमधे भाजीवाल्याला सुद्धा कळलेलं असायचं की आमच्या मुलीचा काल डान्स झाला. आणि घरी पाहुणे आले की सुरुवात सयाजीराव महाराजांच्या चिमणाबाई राणीसाहेबांपासून, १८८० साली त्या लग्न होऊन तंजावरहून आल्या आणि बरोबर नर्तकी आल्या, तेव्हापासून बडोद्याला भरतनाट्यम आहे, मग १८८६ची गायनशाळा, ती चालवणारे गवई मौला बक्ष, सयाजीरावांनी संगीत दरबारापुरतं ठेवलं नाही, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी, आता आमची ही. मला लाज वाटायची तेव्हा आणि आवडायचंही फार. परवा चिऊच्या शाळेत एका पटेलांच्या मुलीने भरतनाट्यम केलं आणि आपली मराठी पोरगी टिप्पणी करत होती, तुम्ही असता तर ह्यावर अर्धा तास बोलला असतात, मी खरंच खूप मिस केलं ते. चिऊचं कौतुक मी तुमच्या पद्धतीने सगळ्यांना सांगितलं, बिल्डिंगमधे, दूधवाल्याला, खालच्या बांना तर दोनदा. आणि शेजारचीला तिने ठोका दिला ते मी पाहिलं, हे तिला एकटीला वेगळं सांगितलं. ती म्हणाली, तुला दिसलं?

आता महत्त्वाचं. हाच नाच त्यांना फेब्रुवारीत पुन्हा करायचाय, शाळांच्या स्पर्धेत. तुम्ही दोघं यायचंच. दादाला म्हणावं अहिंसा एक्सप्रेसची तिकिटं आत्ताच काढ, दोन्ही लोअर बर्थ, आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, इथे तीच कंपनी मिळेल असं नाही. गुडघ्याचं कारण चालणार नाही आई, रिक्षा अगदी दारापर्यंत जाते. पिना-बिना मी बघेन, तुला विंगेत येऊ देणार नाही. तू पुढे बसायचं, बाबांच्या शेजारी, आणि ती मागच्या ओळीत असेल तर मान वाकडी करून बघायचं.

तुमची,
ताई