गाडीच्या डिकीत ठेवू नकोस

सातारा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीत चौघं असतात, म्हणून हे फोनवर न बोलता लिहिते. आईने असलं लिहावं याचा तुला संकोच वाटेल. वाटू दे, पण शेवटपर्यंत वाच.

एचआयव्हीची भीती लोक नको तिथे बाळगतात. मेसचं ताट, पीएमपीतली गर्दी, डास, सार्वजनिक संडास यांतून तो होत नाही. खोलीत कोणाला एचआयव्ही असेल तर त्याचा पेला वेगळा ठेवू नका. तो एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या न चुकता घेत असेल आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला असेल, तर संबंधांतूनही त्याच्याकडून लागण होत नाही.

जपायचं ते संबंधांच्या वेळी. कंडोम पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत महिनोन्महिने ठेवू नकोस. एप्रिलच्या उन्हात लावलेली गाडी किती तापते ते तुला माहीत आहे. त्या उष्णतेने रबर कमजोर होतं. वापरण्याआधी मुदत बघ, पुडी बोटाने दाबून बघ. आत हवेचा फुगवटा लागला नाही तर पुडीला भोक पडलंय, ती टाकून दे. दाताने फाडू नकोस. टोक चिमटीत धरूनच उलगडत ने, कारण टोकात हवा अडकली की तो फुटू शकतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन अजिबात लावायचं नाही, तेलाने लॅटेक्स काही मिनिटांतच कमजोर होतं. मेडिकलमध्ये पाण्याची जेली मिळते, ती चालते. एकावर एक दोन चढवले तर घासून फाटतात. आणि बाहेर निघताना, ताठरपणा आहे तोवरच, बुडाशी धरून काढ.

सलूनमध्ये दाढीला नवं पातं माग. त्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता अगदी कमी, पण हिपॅटायटिस बी त्याच रक्तातून जास्त सहज जातो. त्याची लस घेऊन टाक. जत्रेत, फुटपाथवर गोंदवून घेऊ नकोस. सुई तुझ्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि शाई नव्या टोपणात ओतलेली पाहिजे. सुई बदलली आणि शाई आधीच्या गिऱ्हाइकाचीच, तर काय उपयोग? जिममध्ये कोणी दुसऱ्याच्या सिरिंजमधून इंजेक्शन देऊ केलं तर तिथून सरळ निघून ये.

इतकं करूनही कंडोम फाटेल, दारूच्या नशेत राहून जाईल, कोणी जबरदस्ती करेल किंवा वापरलेली सुई टोचेल. तेव्हा पहिल्यांदा घड्याळ बघ. पीईपी नावाची औषधं असतात. विषाणू शिरल्या जागेच्या पेशींतून लसिकाग्रंथींत जाऊन सगळ्या अंगात पसरायच्या आत ती त्याला अडवतात, म्हणून ती काही तासांत सुरू झालेली बरी. ७२ तास उलटले की सुरू करून फायदा नाही. पुढे २८ दिवस, एकही दिवस न चुकवता. सुई टोचली असेल तर जखम पिळू नकोस, बोट तोंडात घालू नकोस, साबणाने वाहत्या पाण्याखाली धू. मग ससूनच्या तातडीच्या विभागात जा आणि "पीईपी हवंय" असं स्पष्ट सांग. तिथे अडलं तर वेळ न घालवता खासगी डॉक्टरांकडून लिहून घे. १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर फुकट सल्ला मिळतो.

दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नकोस. ताजी लागण तिच्यात दिसत नाही, औषधं संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि चाचणी देणाऱ्या, केंद्रात ती मोफत होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुझ्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

आईला काय सांगू या विचारात त्या ७२ तासांतला एक तासही घालवू नकोस. फोन कर, मी मिळेल त्या एसटीने स्वारगेटला येते. पण माझ्यासाठी थांबू नकोस, पहिली गोळी आधी घे.

तुझी,
आई